गोड सिनेमाची कडू गोष्ट

‘ऐन महायुद्धात निघालेला, पण युद्धाचा एक शब्दही नसलेला गोड सिनेमा’, अशी ‘डी फॉयरत्सांगेनबोवले’ या जर्मन सिनेमाची तारीफ ऐकली की माझं डोकं फिरतं. शब्द नाही, हीच तर मेख आहे!

पाइफर नावाचा लेखक घरीच शिकलेला. शाळेतली मजा हुकली म्हणून मित्रांच्या आग्रहाखातर तो विद्यार्थ्याचं सोंग घेऊन एका गावातल्या शाळेत दाखल होतो. मास्तरांच्या नकला, घोटभर वाईन पिऊन अख्ख्या वर्गाने झिंगल्याचं नाटक, आणि अर्थातच मुख्याध्यापकांच्या मुलीवर प्रेम. पाइफर झालेल्या हाइन्ट्स रूमानचं टायमिंग अचूक आहे. मीही हसलो, आणि म्हणूनच चिडलो.

चित्रीकरण 1943 मधलं. त्याच वर्षी फेब्रुवारीपासून खऱ्या शाळांतली 15-16 वर्षांची जर्मन पोरं विमानवेधी तोफांवर धाडली जात होती. पोरं तोफेवर आणि 41 वर्षांचा बाप्या बाकावर! शिवाय सिनेमातल्या शाळेतला डॉक्टर ब्रेट बघा. बाकी मास्तर खुळचट, विक्षिप्त; हा एकटा तरुण, करारी, आणि याची खोडी काढायची कुणाची छाती नाही. नव्या जर्मनीचा मास्तर कसा असावा, हे प्रेक्षकाला वेगळं सांगायला नको.

शिक्षणमंत्री रुस्टला सिनेमा नको होता. म्हणे मास्तरांचा वचक जाईल. रूमान प्रत घेऊन थेट पूर्व प्रशियातल्या हिटलरच्या मुख्यालयात पोचला. नाझी नेता गोअरिंगने शब्द टाकला, हिटलरने होकार दिला आणि 28 जानेवारी 1944 ला, बाँबहल्ल्यांनी होरपळणाऱ्या बर्लिनमध्ये सिनेमा झळकला. आदल्याच दिवशी लेनिनग्राडचा वेढा उठला होता. जर्मन सैन्याच्या त्या वेढ्यात लाखो माणसं उपाशी मेली. आणि ज्याच्या प्रदर्शनाचा निकाल खुद्द हिटलरने लावला, त्या सिनेमाचा म्हणे राजकारणाशी संबंध नाही!

प्रचारमंत्री गोबेल्स अशी तारीफ करणाऱ्या समीक्षकांपेक्षा हुशार होता. रोज भाषणं ऐकून माणूस कंटाळतो, हसवलं की आणखी चार दिवस तग धरतो, हे त्याला पक्कं कळत होतं. नाझी काळात हजाराहून अधिक कथापट निघाले. उघड प्रचाराचे त्यातले थोडेच, बाकी प्रेम, गाणी, विनोद.

विनोदाची एवढी कदर करणाऱ्या राजवटीने रॉबर्ट डोर्साय या विनोदी नटाचं काय केलं? त्याच्या पत्रात राजवटीविरुद्ध मजकूर सापडला म्हणून ऑक्टोबर 1943 मध्ये त्याला ठार केलं. मास्तरांना हसा, हवं तेवढं. वर बसलेल्यांना हसलात तर जीव जाईल.

जर्मन विद्यापीठांत आजही नाताळच्या सुमारास या सिनेमाचे खेळ होतात. मुलं फुलबाज्या नि गजराची घड्याळं घेऊन येतात, संवाद पडद्याबरोबर म्हणतात. म्हणू देत, खेळ बंद करा असं मी म्हणणार नाही. पण खेळाच्या पत्रकावर रूमानशेजारी डोर्सायचं नाव छापायला आता कुणाची परवानगी लागते?