हवेचें खरें माप

बाजारांत धान्य घेणारा सुज्ञ गृहस्थ प्रथम भाव विचारतो. पण त्याच वेळीं त्याची दृष्टि ताजव्याच्या कांट्यावर असते. वजन खोटें असेल तर स्वस्त भावाचा उपयोग नाहीं, हें त्याला कोणी शिकवावें लागत नाहीं. सरकारहि दुकानदाराचीं वजनें ठराविक मुदतीनें तपासून त्यांवर शिक्का मारतें. परंतु ज्या हवेंत आपण सर्वजण श्वास घेतों, तिच्यांतील वायूंचा हिशेब करतांना हीच सावधगिरी आपण पुष्कळदां विसरतों. हवामानबदलावर भाषणें होतात, निबंधस्पर्धा होतात, भिंतींवर तक्ते लागतात. पण त्यांतील आंकडे कोणीं, कोणत्या साधनानें व कोणत्या प्रमाणाशीं ताडून घेतले, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. तो विचारावयास शिकविणें हें आजच्या शाळेचें एक मुख्य कर्तव्य आहे, असें आमचें मत आहे.

सूर्यामुळें तापलेली पृथ्वी जी अदृश्य उष्णता आकाशांत परत टाकते, तिचा कांहीं भाग कार्बन डायऑक्साइड, मिथेन, नायट्रस ऑक्साइड हे वायु व पाण्याची वाफ अडवून धरतात. वायूंचा हा गुण जॉन टिंडल या शास्त्रज्ञानें 1859 सालीं प्रयोगशाळेंत मोजून दाखविला. आज त्याच गुणाच्या आधारें हे हरितगृह-वायु मोजले जातात. यंत्र थोडी हवा आंत ओढून घेतें, तिच्यांतून अवरक्त किरण सोडतें आणि ते किती शोषले गेले यावरून वायूचें प्रमाण काढतें. कांहीं यंत्रांत तर आरशांमध्यें लेसर किरण इतक्या वेळां मागें-पुढें फिरतो कीं, वीतभर लांबीच्या जागेंत त्याचा प्रवास कित्येक किलोमीटरांचा होतो. अशीं सुमारें 10 किलो वजनाचीं यंत्रें पाठीवर बांधून भातखाचरांत, दलदलींत किंवा कचऱ्याच्या ढिगाऱ्यापाशीं नेतां येतात.

माप नसलें म्हणजे काय होतें, याचें उदाहरण आपल्याच देशाच्या इतिहासांत आहे. पाणी साचलेल्या भातखाचरांत मिथेन तयार होतो. 1990 च्या सुमारास अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनें असा अंदाज बांधला कीं, भारतांतील भातशेतींतून दरवर्षीं सुमारें 3 कोटि 78 लाख टन मिथेन हवेंत जातो. हा अंदाज मुख्यतः युरोप-अमेरिकेंतील शेतांच्या मोजमापांवरून केलेला होता. तेव्हां डॉ. ए. पी. मित्रा यांच्या नेतृत्वाखालीं दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेनें 1991 सालीं देशांतील निरनिराळ्या भातशेतींत प्रत्यक्ष मोजणी करविली. रोपांवर पेट्या बसवून, ठराविक मिनिटांनीं आंतील हवा काढून घेऊन, ती तपासण्यांत आली. उत्तर निघालें तें सुमारें 40 लाख टन. म्हणजे अंदाजाच्या नवव्या हिश्शाहूनहि कमी. गुडघाभर चिखलांत उभें राहून जगाला अन्न देणाऱ्या शेतकऱ्यावर येऊं पाहणारा एवढा मोठा आळ या मोजणीनें दूर झाला. नुसत्या वक्तृत्वानें तो कधींहि दूर झाला नसता.

परंतु खरें माप नेहमीं आपल्याच बाजूनें बोलेल असें समजणें भोळेपणाचें होईल. कार्बन डायऑक्साइडच्या वार्षिक एकूण उत्सर्जनांत भारत आज जगांत तिसरा आहे, हेंहि मोजणीच सांगते. जो ताजवा आपल्याला निर्दोष ठरवितो त्याला मान द्यावयाचा आणि जो आपला दोष दाखवितो त्याला फेंकून द्यावयाचें, ही रीत प्रामाणिक मनुष्याला शोभत नाहीं.

आतां दुसऱ्या चुकीकडे वळूं. यंत्र विकत घेतलें म्हणजे अचूकताहि विकत घेतली, असा एक समज पसरत आहे. चार्ल्स डेव्हिड कीलिंग या अमेरिकन शास्त्रज्ञानें 1958 सालीं हवाई बेटांतील मौना लोआ पर्वतावर कार्बन डायऑक्साइड मोजण्यास आरंभ केला. त्याचें यंत्र उद्योगधंद्यांसाठीं बनविल्या जाणाऱ्या जातीचें होतें. अलौकिक होती ती त्याची तपासणीची चिकाटी. यंत्राचा कांटा हळूहळू सरकतो हें जाणून, ज्यांतील प्रमाण आधींच काळजीपूर्वक मोजलेलें आहे असा प्रमाणवायु तो यंत्रांतून पुनःपुन्हा सोडून पाही. त्यामुळेंच झाडेंझुडपें वाढत असतां उन्हाळ्यांत प्रमाण घटतें व हिवाळ्यांत पुन्हा चढतें, हा पृथ्वीचा जणूं श्वासोच्छ्वास त्याला दिसला. आणि दरवर्षींची वाढहि दिसली. तेथें 1958 सालीं हवेच्या दर दहा लाख भागांत सुमारें 315 भाग असलेला हा वायु 2024 सालीं सुमारें 424 भाग झाला.

आज जागतिक हवामान संघटनेच्या व्यवस्थेनें असे प्रमाणवायु अमेरिकेंतील बोल्डर येथें राखले जातात, आणि उत्तर गोलार्धांतील केंद्रांचीं मापें दहा लाखांत 0.1 भागाइतकीं जुळावींत असा दंडक आहे. आपल्या गोव्याच्या किनाऱ्यावरील काबो द रामा येथें 1993 पासून कित्येक वर्षें हवेचे नमुने कुप्यांत भरून ते मोजणीसाठीं ऑस्ट्रेलियास पाठविले जात. तेथें पावसाळ्यांत समुद्रावरची व हिवाळ्यांत देशावरची हवा येते. दोन्हींतील फरक ओळखावयाचा तर येथील व परदेशांतील माप एकाच प्रमाणाचें असलें पाहिजे. नाहींतर शेर आणि किलो एकाच वहींत मांडल्यासारखें होईल.

हातांतील यंत्राला फसविणारीं कारणें पुष्कळ आहेत. कोंकणांतील पावसाळी हवेंत वाफेचें प्रमाण शेंकडा 3 असलें तर त्या वाफेनें अडविलेल्या जागेमुळेंच 420 भागांचें माप सुमारें 12 भागांनीं कमी दिसतें. म्हणजे सध्याच्या गतीनें चार-पांच वर्षांची वाढच नाहींशी होते. मोजणाऱ्याच्या उच्छ्वासांत हा वायु बाहेरच्या हवेच्या जवळजवळ शंभरपट असतो. म्हणून त्यानें वाऱ्याच्या खालच्या अंगास उभें राहावें. कित्येक स्वस्त मापकांत तर, गेल्या कांहीं दिवसांतील सर्वांत कमी आंकडा म्हणजे बाहेरची हवा व तिचें प्रमाण 400, असें यंत्र स्वतःच धरून चालतें. तें सदा कोंदट खोलींत राहिलें तर त्या कोंदट हवेलाच शुद्ध ठरवितें. हा दोष यंत्रांपुरताच नाहीं, हें चाणाक्ष वाचकांस सांगणें नलगे.

कोणी म्हणतील, “आमच्या शाळेस लाखों रुपयांचीं यंत्रें कोठून मिळणार? आणि मोजीत बसण्यापेक्षां झाडें लावावींत हें बरें.” झाडें अवश्य लावावींत. पण लावलेल्या झाडांनीं, बदललेल्या शेतीनें किंवा कारखान्याच्या आश्वासनानें खरोखर कांहीं घडलें कीं नाहीं, हें मोजल्यावांचून कसें कळणार? शिवाय प्रत्येक प्रश्नाला महागडें यंत्र लागत नाहीं. वखारींतील कांट्यावर सोनें तोलूं नये, तसें लांकूड तोलण्यास सोनाराचा कांटाहि नको. 50 भागांची चूक करणारा लहान मापक पृथ्वीची वार्षिक वाढ दाखवूं शकणार नाहीं. पण खिडक्या लावलेल्या वर्गांत हवा किती कोंदते आणि त्या उघडल्यावर किती सुधारते, हें तो चांगलें दाखवील, कारण तेथील फरक शेंकड्यांनीं असतो.

म्हणून आमची सूचना अशी आहे. ज्या शाळेंत असा मापक आहे तेथें त्याच्याबरोबर एक वही असावी. तींत प्रत्येक आंकड्याशेजारीं दिवस, वेळ, जागा, हवेंतील दमटपणा आणि यंत्र शेवटीं केव्हां व कशाशीं ताडून पाहिलें, हें लिहिलें जावें. चुकीची शक्यता किती, हेंहि लिहावें. आंकडा अपेक्षेप्रमाणें आला नाहीं म्हणून तो खोडूं नये. आणि ज्याला ही नोंद नाहीं तो आंकडा प्रदर्शनांत मांडूं नये.

पवित्र शास्त्रांत खोट्या वजनमापांचा निषेध एकाहून अधिक ठिकाणीं केलेला आहे. तो केवळ वाण्यासाठीं आहे असें आम्हांस वाटत नाहीं. ज्या हवेवर कोणाची मालकी नाहीं तिच्याविषयीं खोटी साक्ष दिली असतां नुकसान शेजाऱ्याचें व अजून न जन्मलेल्यांचें होतें. पालकांस आमची विनंति एवढीच कीं, मुलगा किंवा मुलगी घरीं येऊन एखादा मोठा आंकडा सांगूं लागली तर कौतुक करण्यापूर्वीं विचारावें, “बाळ, हें कशावरून?” आणि “अजून ताडून पाहिलें नाहीं” असें उत्तर तिनें सरळपणें दिलें तर कौतुक त्या उत्तराचें करावें.