वेगाची गाडी आणि घरची गाडी

मोटारींविषयीं वाद घालणें हा आमच्या वरच्या वर्गांतील मुलांचा मधल्या सुट्टींतील नित्यक्रमच होऊन बसला आहे. अशा वादांत शिक्षकांनीं पडूं नये हें खरें. परंतु यंदा ज्या दोन गाड्यांवरून पक्ष पडले, त्यांविषयीं आम्हांसही दोन शब्द लिहावेसे वाटतात.

स्कोडा कंपनीनें एप्रिल २०२५ मध्यें नवी कोडिअ‍ॅक ही सात आसनांची एस्‌यूव्ही आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत ऑक्टेव्हिया आर्‌एस् ही वेगवान सेडान भारतांत आणली. पहिली छत्रपति संभाजीनगरच्या कारखान्यांत जोडली जाते; दुसरीच्या अवघ्या १०० गाड्या परदेशांतून तयार आल्या. (हिचें मागील दार काचेसकट वर उघडतें, म्हणून जाणते हिला लिफ्टबॅक म्हणतील, आम्ही लोकरूढीस अनुसरतों.) गंमत अशी कीं, दोघी एकाच घरच्या. सांगाडा एकाच घडणीचा, एंजिन दोहींत दोन लिटरचें, पेट्रोलवर चालणारें. परंतु एकींत त्यापासून २६५ अश्वशक्ति काढली आहे, दुसरींत २०४. आणि एस्‌यूव्ही सेडानहून वीतभर उंच व बरीच जड आहे.

मुलें म्हणतात, आर्‌एस् ६.४ सेकंदांत ताशीं १०० किलोमीटरचा वेग गांठते. गांठूं दे. समृद्धि महामार्गावर कमाल वेग १२० आणि मुंबई-पुणें द्रुतगति मार्गावर सपाटीस १००. तिची सारी हौस पुरवील असा रस्ताच नाहीं. तिचा खरा गुण वळणावर दिसतो. गुरुत्वमध्य खालीं असल्यामुळें वळतांना तिचें अंग बाहेरच्या बाजूस थोडेंच कलतें, चाकें रस्ता घट्ट धरून राहतात. ज्यास गाडी हांकण्याचीच आवड आहे, त्यानें सेडानच घ्यावी, असें आमचें स्पष्ट मत आहे.

पालकांचें म्हणणें निराळें. घरांतील वृद्धांस गुडघे फारसे न वाकवितां उंच गाडींत बसतां येतें, खड्ड्यांचें भय कमी, आणि चिखलांत चारही चाकें जोर लावितात. हें सर्व आम्हांस मान्य आहे. मात्र सातही आसनें उभीं असतां कोडिअ‍ॅकमध्यें सामानास २८१ लिटर जागा उरते, तर पांच आसनांच्या आर्‌एस् मध्यें ती ६०० लिटर आहे. सात जणांनीं गांवीं निघतांना ट्रंका मांडीवर घ्याव्या कीं काय?

परंतु "उंच गाडी सुरक्षित" असें जें सर्रास बोललें जातें, तें आम्हांस खटकतें. सुरक्षित कोणास? आंत बसलेल्यांस. शाळा सुटतेवेळीं फाटकाशीं उभे राहून आम्हीं पाहिलें आहे कीं, असल्या गाड्यांचें बॉनेट पहिलीच्या मुलाच्या छातीखांद्यास लागतें. अगदीं पुढ्यांत उभें असलेलें मूल चालकास दिसतच नाहीं. आणि धक्का बसलाच तर तो पायांस न बसतां छातीस बसतो. कॅमेरे असतात खरे, पण ते ज्या पडद्यावर दाखवितात त्याकडे घाईंत पाहतो कोण? त्यांतून ह्या गाड्यांत बहुधा एकच मूल व एकच दप्तर चढतें!

ज्यांच्या घरीं खरोखरच सात माणसें आहेत, त्यांनीं कोडिअ‍ॅक अवश्य घ्यावी. आमची विनंति इतकीच कीं, ती फाटकाशीं न आणतां मैदानाच्या कडेस उभी करावी, आणि तेथपर्यंतचीं शंभरेक पावलें मुलाचा हात धरून चालावीं.