पहिला-दुसरा एकाच बाकावर

पालकहो, 'तिला वही देऊ नकोस, पुढे जाईल ती!' असं घरात सहज बोललं जातं ना? मग कॅनडाच्या टेसा व्हर्च्यू आणि स्कॉट मोईर यांच्याबद्दल मुलांना जरूर सांगा. आइस डान्स म्हणजे बर्फावर स्केट्स घालून जोडीने केलेलं नृत्य. १९९७ मध्ये जोडी जमली तेव्हा टेसा ७ वर्षांची, स्कॉट साधारण ९ चा. पुढे मिशिगनमध्ये ते शिकायला गेले. तिथे त्याच बर्फावर, त्याच प्रशिक्षकांकडे मेरिल डेव्हिस आणि चार्ली व्हाइट ही अमेरिकन जोडीही शिकत होती. २०१० च्या ऑलिंपिकमध्ये टेसा-स्कॉटला सुवर्ण, अमेरिकन जोडीला रौप्य. २०१४ ला सोचीत नेमकं उलटं! दोन वर्षं थांबून ते परतले, आणि गेले कुठे? माँट्रियलला, पापादाकिस-सिझरों या तगड्या फ्रेंच जोडीच्याच प्रशिक्षकांकडे. २०१८ ला या फ्रेंच जोडीला त्यांनी अवघ्या ०.७९ गुणांनी मागे टाकलं.

रोज समोर बरोबरीचा माणूस असणं टोचत असणारच. गोड मैत्रीच्या गोष्टी मी सांगणार नाही. पण 'हुशार मुलांची तुकडी नको' म्हणून अर्ज आणणाऱ्या पालकांना मी आता हेच विचारते, मूल तिथे मागे पडेल, की तिथेच जास्त शिकेल? आणि शिक्षकमित्रांनो, पुढच्या गटकार्यात पहिल्या दोघांना एकाच बाकावर बसवून तर बघा.