फलकावरची उंची, पुलाखालची उंची

रस्त्यावर वाहनाच्या आकाराला दोन मर्यादा असतात: एक कायद्याने ठरवून फलकावर लिहिलेली, दुसरी दगड, लोखंड आणि भिंतींनी घातलेली. २००४ मध्ये सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅप या मुक्त नकाशात दोन्हींची नोंद वेगवेगळी करता येते, आणि ते योग्यच आहे. फलकावरचा आकडा सहसा थोडी जागा राखून लिहितात. डांबराचा नवा थर चढला की ती राखीव जागा गुपचूप कमी होते. अमेरिकेतील डरहॅमच्या रेल्वेपुलावर ११ फूट ८ इंचांचा फलक होता. इशारे देऊनही ट्रक आदळत राहिले. २०१९ मध्ये पूल ८ इंच उचलला, तरी टप सोलले जाणे थांबले नाही. रुंदीचेही तसेच: भारतात वाहनाची कमाल रुंदी साधारण २.६ मीटर, पण गावठाणातल्या बोळाला हा नियम कोण सांगणार? तिथे ओटे, पायऱ्या आणि विजेचे खांब यांच्यामधले सर्वांत अरुंद अंतरच मोजावे लागते. अग्निशमन बंबाला तेच माप हवे असते. महापालिकांनी रस्ता दुरुस्त होताच ही मापे पुन्हा घ्यावीत आणि नकाशांसाठी खुली करावीत.