‘आदिम’ : एका संज्ञेचा गैरवापर

तापी-गोमाई संगमावरील प्रकाशे येथे बी. के. थापर यांच्या १९५५ च्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन वसाहत उजेडात आली. तेथील तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या चित्रांकित खापरांना अभ्यासक निःशंकपणे ‘संस्कृती’ म्हणतात. त्याच नंदुरबार परिसरात आज गायिले जाणारे भिल्ली वा पावरी गीत मात्र मराठी समीक्षेला ‘आदिम’ वाटते. म्हणजे मृतांना इतिहास आणि जिवंतांना प्रागितिहास! ही काळवाचक संज्ञा येथे मूल्यवाचक होते. गौरवाच्या स्वरात उच्चारली तरी ती समकालीन गायकाला त्याचा काळच नाकारते. परिणामी त्याची निवड, त्याने केलेले बदल, त्याचे कर्तृत्व समीक्षेच्या दृष्टीआड राहते. खापराचा स्तर काटेकोरपणे नोंदवला जातो. गीताबरोबर निदान गायकाचे नाव, गाव आणि वर्ष तरी नोंदवले जावे.