घराला कुलूप आहे!

दिवाळीचा फराळ करता करता आपण हा अंक चाळीत असाल, त्याच सुमारास बीड जिल्ह्यातल्या धारूर, पाटोदा, शिरूर, वडवणी या तालुक्यांतल्या वाड्यावस्त्यांवर घरांना कुलपे लागत असतील. काही लागलीही असतील. काही लक्ष्मीपूजन उरकले की लागतील. मागे राहिली तर एखादी म्हातारी आणि तिच्या हवाली केलेली शाळकरी पोरे. बाकीचे बिऱ्हाड सांगली-कोल्हापूरकडे, नाहीतर पार बेळगावच्या बाजूला ऊस तोडायला निघते, ते परतते उन्हाळ्याच्या तोंडाशी.

या माणसांविषयी आमच्या पाहणीपंडितांनी एक सोयीचे वाक्य घडवून ठेवले आहे: 'हे लोक हाती लागत नाहीत.' जणू ऊसतोड्या म्हणजे रानातला ससा!

कुणाच्या हाती लागत नाहीत? मुकादमाच्या तर अचूक लागतात. कारखाना सुरू होण्याच्या कितीतरी आधी तो उचल घेऊन दारात येतो. कोणत्या वस्तीवरून किती कोयते निघणार ते त्याच्या वहीत असते. (कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. माणसांची मोजदाद हत्याराच्या नावाने होते, आणि त्यात कुणाला काही वावगे वाटत नाही!) कोणती टोळी आज कोणत्या फडात आहे हे कारखान्याच्या शेतकी खात्याला ठाऊक असते, कारण त्यावाचून गळीत चालायचे नाही. साखरेला ही माणसे बिनचूक सापडतात आणि आरोग्याच्या पाहणीला तेवढी सापडत नाहीत, हे मानायला मी तयार नाही.

मग अडते कुठे? अडते पाहणीच्या घडणीतच. आपली सर्वांत मोठी पाहणी म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण. १९९२-९३ साली ते सुरू झाले, आणि त्याची शिस्त वाखाणण्याजोगी आहे हे मी मोकळेपणाने सांगतो. आधी वस्तीतल्या घरांची यादी करायची, त्यातून ठरावीक अंतराने घरे निवडायची, आणि आदल्या रात्री त्या घरात झोपलेल्या, १५ ते ४९ वयाच्या बाईला प्रश्न विचारायचे. घर बंद असेल तर पुन्हा जायचे. पण शेजारचे उघडे घर बदली म्हणून घ्यायचे नाही. शास्त्र म्हणून हे अगदी बरोबर. पण या शास्त्रात एक गृहीत मुकाट्याने बसले आहे: माणसाला घर असते आणि माणूस घरात असतो. ऊसतोडणीची बाई सहा महिने गावच्या घरात नसते. आणि फडाकडेची तिची कोपी यादी करताना उभी नव्हती, किंवा यादीप्रमाणे कोणी येईतो उठून पुढच्या गावी गेलेली असते. दोन्हीकडून ती निसटते. पाहणीदार कागदावर 'घर बंद' अशी खूण करतो आणि पुढे जातो.

या खुणेची किंमत काय, ते बीडने दाखवले. तिथल्या बायकांच्या 'पिशव्या' काढल्या जात आहेत, अशी ओरड २०१९ साली वृत्तपत्रांतून झाली. तेव्हा सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि त्या वर्षीचा गळीत हंगाम लागण्याआधी जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची विचारपूस झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. म्हणजे शंभरात जवळजवळ सतरा! राष्ट्रीय पाहणीत हेच प्रमाण शंभरात तिनाच्या आसपास असते. दोन्ही मोजण्यांची रीत एक नव्हे, हे धरूनही अंतर डोळे पांढरे करणारे आहे. आणि लक्षात घ्या, 'हाती न लागणाऱ्या' ब्याऐंशी हजार बाया अवघ्या काही महिन्यांत हाती लागल्या. कशा? त्या गावी असतानाच कोणीतरी गेले म्हणून. बस्स, एवढेच!

यावर एक चतुर तोडगा सुचवला जातो: मुकादमालाच मधे घाला, तो शंभर बाया एका हाकेत गोळा करील. करील, यात शंकाच नाही. पण जिच्या नवऱ्याच्या डोक्यावर उचल आहे ती बाई मुकादमासमोर 'नाही' म्हणेल काय? आणि खाडा केला की दंड, म्हणून दुखणे अंगावर काढणारी ती, खाड्याचे खरे त्याच्यादेखत सांगेल काय? तो होकार नव्हे, ती वेठ आहे. टोळी कुठे उतरली आहे एवढे कारखान्याच्या यादीवरून जरूर काढावे. पण त्यापुढे मुकादमाला पाहणीच्या आसपासही फिरकू देऊ नये.

बाया बोलत नाहीत, हीही एक तक्रार. अहो, पहाटे अंधारात फडावर जाऊन दिवसभर मोळ्या वाहिलेल्या बाईने, चूल पेटायची असताना, जीपमधून उतरलेल्या परक्या पुरुषाला पाळीविषयी सांगावे, ही अपेक्षाच मुळी अजब! त्याच वस्त्यांतल्या शिकलेल्या मुली विचारायला पाठवा. तांड्यावर गोरमाटीत विचारा. जेवढा वेळ घ्याल तेवढ्याची मजुरी मोजा. टनावर पोट असणाऱ्याचा तास फुकट नसतो. एक बाई बोलली की तीच पुढच्या दोघींना घेऊन येईल. आणि रक्त तपासायला घेतलेत, तर काय निघाले ते तिला त्याच हंगामात, त्याच फडावर जाऊन सांगा. 'अहवाल पुढे प्रसिद्ध होईल' हे तिला काय उपयोगाचे? तो प्रसिद्ध होतो तेव्हा ती तिसऱ्याच कारखान्यावर असते.

याला पैसा लागतो, वेळ लागतो, खरे आहे. पण आज जो आकडा स्वस्तात मिळतो तो घरी बसलेल्यांचा असतो, आणि दवाखाना कुठे हवा, डॉक्टरीण कुठे नेमायची, हे त्याच आकड्यावर ठरते. यंदाचे बॉयलर पेटत आहेत. टोळ्यांच्या याद्या शेतकी खात्यांच्या टेबलांवर तयार आहेत. त्या मागायला आरोग्य खात्याचा माणूस कारखान्याच्या फाटकात कधी उभा राहणार, याचे उत्तर मात्र मला हवे आहे.