फीमाफीवरचा कर

शाळेतल्या बाईंचा मुलगा त्याच शाळेत सवलतीच्या फीत शिकतो. प्राप्तिकराच्या हिशेबात ही सवलत म्हणजे पगारच! 2001 साली नियम झाला, दर मुलामागे महिना 1000 रुपयांपर्यंतची सवलत माफ. पुढे वीसहून जास्त वर्षं तो आकडा जागचा हलला नाही. फिया तोवर कुठे पोचल्या हे पालकांना सांगायला नको.

बरं, हद्द ओलांडली की वरच्या रकमेवर नव्हे, सगळ्या रकमेवर कर. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयानं 2011 साली नियमाचा असाच अर्थ लावला. 999 ला शून्य, 1001 ला पुरे 1001. ही कसली सूट? नुसता आकडा वाढवून हे सुधारणार नाही.

आणि किंमत धरायची ती आसपासच्या तशाच शाळेतल्या शिक्षणाची. अहो, चाळीस मुलांच्या वर्गात एकेचाळिसावा बसला तर शाळेचा खर्च कितीसा वाढतो? फळा तोच, बाई त्याच. कंपनीनं साहेबाच्या मुलाची फी भरली तर ते उत्पन्न, मान्य. तिथे पैसे खरोखर मोजलेले असतात. इथे बाईंच्या हाती दमडी येत नाही, कर मात्र पगारातून रोख कापतात.

शिपाई बहुधा सुटतो, कारण त्याचा पगारच कराइतका नसतो. सापडतात मधल्या पगारातले शिक्षक.

अमेरिकेचं कर खातं काही दानशूर म्हणून प्रसिद्ध नाही. तिथेसुद्धा शाळा-कॉलेजांच्या नोकरदारांच्या मुलांना पदवीपर्यंत मिळणारी अशी सवलत करमुक्त असते. मात्र ती फक्त बड्या पगारवाल्यांसाठी राखली तर त्यांना करमाफी नाही. तेवढी अट इथेही घाला आणि बाकीच्यांना सोडा की!